अंगठा, मूठ, वीत : लग्नाच्या फोटोतला उजेड मऊ होतो तो कशाने?

तुळशीची लग्नं आटोपली की आमचा हंगाम सुरू होतो, आणि हंगामातले पहिले फोटो घरोघरी पोचले की फोन यायला लागतात. "दादा, फोटो छान आहेत हो, पण माझं कपाळ बघा ना. तेल थापल्यासारखं चमकतंय." दुसऱ्या घरातले काका जरा तिरकस: "स्टेजवर नवरा-नवरी दोघंच होती. मागच्या पडद्यावर ही काळी दोघं कोण? यांना आम्ही पत्रिका दिली नव्हती." मी धंद्यात नवा होतो तेव्हा असले फोन मला आठवड्याला दोन तरी यायचे.

हल्ली प्रश्न आधीच येतो. बुकिंगच्या वेळीच मुलगी विचारते, "तुमच्याकडे डिफ्यूजर आहे ना? रीलमध्ये बघितलं, तो लावला की लाइट सॉफ्ट पडतो." आहे. डिफ्यूजर म्हणजे फ्लॅशपुढे उजेड पसरवायला लावतात ते पांढरं कापड किंवा प्लॅस्टिक. चार-पाच आहेत. पण डिफ्यूजर लावला म्हणजे उजेड मऊ झालाच, हे अर्धंच खरं, आणि सगळा घोळ उरलेल्या अर्ध्यात आहे. तोच आज उलगडून बघू. कॅमेरा हातात न धरणाऱ्यालाही कळेल असा हा विषय आहे, कारण याचं प्रात्यक्षिक दर दिवाळीत आपल्या गॅलरीत होतं.

कंदील टांगताना काय होतं

कंदील लावायच्या आधी घरातलं कुणीतरी नुसता होल्डर आणि बल्ब लावून बघतं, पेटतोय का म्हणून. त्या उघड्या बल्बच्या उजेडात गॅलरीच्या गजांच्या सावल्या भिंतीवर सुरीने कापल्यासारख्या पडतात. मग बल्बवर कंदील चढतो. बल्ब तोच, वॅट तेवढेच. पण गजांच्या सावल्यांच्या कडा विरघळतात, आणि भिंतीवर रांगोळीवरून चुकून हात फिरावा तसं काहीतरी पुसट उरतं.

कागदाने काय केलं? बहुतेकांना वाटतं, कागदाने उजेड गाळला. चहा गाळतो तसा. कडकपणा चोथ्यासारखा गाळणीत राहिला आणि मऊ उजेड खाली उतरला. तसं काही होत नाही. कागदाने थोडा उजेड खाल्ला आणि उरलेला स्वतःच्या सगळ्या अंगभर पसरवला. आता उजेड लिंबाएवढ्या बल्बातून येत नाही, परडीएवढ्या कंदिलातून येतो. थोडक्यात, दिवा मोठा झाला.

दिवा मोठा झाल्याने सावली का विरघळावी? नवरीच्या गालावर मुंडावळीची सर लोंबते आहे असं समजा, आणि त्या सरीच्या सावलीच्या कडेला एक मुंगी बसवा. दिवा छोटा असेल तर मुंगीला तो एक तर पूर्ण दिसतो, नाही तर सरीच्या आड पूर्ण लपतो. ती सावलीत आहे किंवा उजेडात आहे, अधलं-मधलं काही नाही. म्हणून कड धारदार. आता दिवा मोठा करा. मुंगी जरा सरकली की तिला पाव दिवा दिसतो, अजून सरकली की अर्धा, मग पाऊण. गालावर काळ्यापासून उजेडापर्यंत उतरण तयार होते. या उतरणीलाच आम्ही मऊ उजेड म्हणतो. त्यात दुसरी काही जादू नाही.

आता तोच कंदील रस्त्याच्या टोकाला जाऊन बघा. एवढासा ठिपका दिसतो. तिथे उभ्या माणसाच्या दृष्टीने तो पुन्हा उघडा बल्बच झाला. सूर्याचंही तेच. रुंदी जवळजवळ १४ लाख किलोमीटर, पण तो आहे १५ कोटी किलोमीटर दूर. आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून मे महिन्यातल्या दुपारच्या वरातीत प्रत्येकाच्या नाकाखाली काळी मिशी उगवते. ढग आला की सूर्याऐवजी अख्खं आभाळ दिवा होतं आणि मिश्या गायब होतात.

म्हणजे दिवा किती मोठा, हा प्रश्नच अपुरा आहे. नवरीच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो, हे विचारायला हवं.

मोजायचं कसं?

यासाठी मी एक गावठी माप वापरतो. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. नवरी जिथे उभी राहणार तिथे जाऊन उभं राहायचं, फ्लॅशकडे तोंड करायचं आणि हात पूर्ण लांब करायचा. लांब हातावरचा अंगठा साधारण २ अंश झाकतो. मूठ झाकते १० अंश. वीत, म्हणजे ताणलेला अंगठा ते करंगळी, सुमारे २० अंश. दिवा अंगठ्याआड लपला तर उजेड कडक. मुठीएवढा दिसला तर चालेल. वितीत मावेना तर मऊ.

आता हिशेब करू. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशचं तोंड साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद असतं. स्टेजखालून २ मीटरवरून फोटो काढला तर नवरीला ते जेमतेम २ अंशांचं दिसतं. अंगठा. त्यावर दुकानात मिळणारी पांढरी प्लॅस्टिकची टोपी चढवली तर रुंदी होते ९ सेंटिमीटर, म्हणजे अडीच अंश. तरी अंगठाच, जरा सुजलेला. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढून पांढरं कापड लावलेली कापडी पेटी, ३ मीटरवर ठेवला तर साडेअकरा अंश. मूठ. तोच सॉफ्टबॉक्स सव्वा मीटरवर आणला तर २७ अंश, वितीबाहेर. पेटी बदलली नाही, कापड बदललं नाही, फक्त जवळ आली.

यावरून एक ध्यानात येईल. महागडा डिफ्यूजर लावून लांब उभा राहणारा फोटोग्राफर आणि साधी पांढरी छत्री घेऊन जवळ येणारा फोटोग्राफर, यांत छत्रीवाला जिंकतो.

मग ती पांढरी टोपी सगळे का लावतात?

हा आक्षेप रास्त आहे. दोन-तीनशे रुपयांना मिळणारी ती टोपी जवळजवळ प्रत्येक लग्नाच्या फ्लॅशवर दिसते. सगळेच काय मूर्ख आहेत?

नाहीत. फक्त टोपीचं खरं काम वेगळं आहे. ती फ्लॅशचा झोत मोडून चारी दिशांना उधळते, बागेतल्या झारीसारखी. त्यातला काही उजेड सरळ चेहऱ्यावर जातो, तो कडकच असतो. बाकीचा छताकडे, भिंतींकडे, मागच्या खुर्च्यांकडे जातो आणि तिथून उलटून चेहऱ्यावर येतो. हा उलटून आलेला उजेड मऊ असतो, कारण आता दिवा म्हणजे भिंत. टोपीचं श्रेय खरं तर भिंतीला जातं. स्टोफेन या कंपनीच्या अशा टोपीचं नावच ऑम्नी-बाउन्स आहे. चहूकडे उसळणारी, असं तिच्या नावातच लिहिलंय.

म्हणून तीच टोपी कार्यालयात थोडंफार काम करते आणि मोकळ्या मैदानावर काहीच करत नाही. रात्री लॉनवर रिसेप्शन आहे, वर आभाळ, बाजूला अंधार. टोपीने उधळलेला उजेड जातो आणि परत येतच नाही. तुमची बॅटरी मात्र अर्ध्या वेळात बसते. लॉनवरच्या रिसेप्शनला टोपी लावून फिरणारा फोटोग्राफर दिसला की मला भर पावसात झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाची आठवण येते. पण बोलत नाही. धंद्यातला माणूस आहे.

टोपीची किंमत उजेडात मोजावी लागते. उजेड मोजायची आमची पायरी म्हणजे स्टॉप: एक स्टॉप वर गेलात की उजेड दुप्पट, एक खाली आलात की निम्मा. टोपी साधारण एक ते दोन स्टॉप खाते. म्हणजे फ्लॅशला त्याच फोटोसाठी दुप्पट ते चौपट ताकद लावावी लागते. मग तो पुन्हा भरायला वेळ घेतो, आणि नेमका हार घालायच्या क्षणी मुका बसतो.

छत हाच डिफ्यूजर

माझ्या मते मंगल कार्यालयातला सगळ्यात चांगला डिफ्यूजर फुकट असतो आणि डोक्यावर असतो. फ्लॅशची मान वर वळवायची आणि झोत पांढऱ्या छतावर मारायचा. याला बाउन्स म्हणतात. छत १० फुटांवर असेल, तर झोत पसरून तिथे जवळपास २ मीटर रुंद पांढरा चट्टा पडतो. नवरीला आता दिवा दिसतो तो २ मीटरचा. अंगठा, मूठ, वीत सगळं मागे पडलं.

मग सगळे हेच का करत नाहीत? कारण छत सगळीकडे सारखं नसतं. गावाकडच्या नव्या कार्यालयांची छतं २० फुटांवर असतात, वर पत्रे आणि लोखंडी कैच्या. उजेड लांब जाताना पातळ होत जातो: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा. २ मीटरवर सरळ मारलेला झोत आणि २० फुटांवर जाऊन परत आलेला झोत यांत ढोबळमानाने वीसपट फरक पडतो. त्यात रंगांची पंचाईत. छत ज्या रंगाचं, उजेड त्या रंगाचा. जुन्या कार्यालयांचा पिस्ता रंग ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. मी सुरुवातीला एका लग्नात अख्खं सीमांतपूजन पिस्ता भिंतीवरून बाउन्स करून काढलं. व्याही मंडळी कावीळ झाल्यासारखी आली. मंडपाला गुलाबी कापड असेल तर सगळे लाजल्यासारखे दिसतात, ते त्या मानाने परवडतं.

तिसरी अडचण बारीक आहे, पण चेहऱ्यावर थेट दिसते. झोत बरोबर डोक्यावरून खाली आला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो आणि डोळे विझल्यासारखे वाटतात. उपाय दोन. एक म्हणजे झोत सरळ वर न मारता आपल्याच खांद्यावरून मागे, बाजूच्या भिंतीकडे वळवायचा. मग उजेड खिडकीतून यावा तसा तिरका येतो. दुसरा उपाय मी एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून शिकलो. त्याने पाहुण्यांच्या टेबलावरची जाड लग्नपत्रिका उचलली, कोरी बाजू पुढे करून फ्लॅशच्या मागे रबरबँडने बांधली. झोत वर गेला, त्यातली एक चिळकांडी पत्रिकेवर आपटून पुढे आली आणि डोळ्यांत जीव आला. "पत्रिका कुठल्याही लग्नात मिळते," तो म्हणाला, "आणि उरतातच." अजूनही माझ्या बॅगेत एक असते. तिच्यावरच्या वधूवरांचा मुलगा यंदा शाळेत जायला लागला.

हे काही नवं शास्त्रही नाही. मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून फोटो काढायची युक्ती जर्मनीत १८८७ साली निघाली. त्याआधी स्टुडिओंना काचेचं छप्पर असे आणि त्याखाली पांढरे पडदे, उजेड हवा तसा अडवायला नि पसरवायला. फ्लॅश नव्हता तेव्हाही डिफ्यूजर होता.

"कशाला एवढं? आता मोबाइलसुद्धा अंधारात फोटो काढतो"

काढतो, खरंच काढतो. नवे कॅमेरे समईच्या उजेडातही चेहरा पकडतात. पण कॅमेरा फक्त आहे तो उजेड वाढवतो, त्याची दिशा बदलू शकत नाही. कार्यालयात उजेड येतो कुठून? छतात बसवलेल्या छोट्या एलईडींतून, थेट डोक्यावरून. एका बाजूला व्हिडिओवाल्याचा लाइट, मागे रंग बदलणारी सजावट. नवरीचा एक गाल जांभळा, दुसरा पिवळा, डोळ्यांखाली खळगे. कॅमेऱ्याने हे सगळं इमानेइतबारे उजळवून दाखवलं, तर तक्रार आणखी ठळक होईल.

फ्लॅशचं काम अंधार घालवण्यापुरतं नसतं. चेहऱ्यावर एकाच दिशेने आणि एकाच रंगाचा उजेड पडावा, हेही तोच बघतो. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो. कार्यालयातले पिवळे दिवे त्याहून बरेच तांबूस. दोन्ही एका फोटोत आले की चेहरा निळसर आणि मागचं सगळं केशरी होतं. म्हणून आम्ही फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, लावतो, मग दोघांचं जुळतं. डिफ्यूजरचं कापड धुऊन धुऊन पिवळं पडलं असेल तर अर्धं काम आयतंच होतं, पण ते ग्राहकाला सांगायचं नसतं.

बारशाच्या वेळी आजीबाई हमखास विचारतात, फ्लॅशने बाळाचे डोळे जातील का? साध्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने डोळे जातात या समजाला आधार नाही. पण बाळ दचकतं, रडतं, आणि मग पाळण्याचे सगळे फोटो रडके येतात. तिथे मी झोत छतावरच मारतो. बाळही गप्प, आजीही गप्प.

"मऊ उजेडात फोटो सपाट दिसतो"

हा आक्षेप जाणकारांकडून येतो, त्यामुळे जरा थांबून उत्तर देतो. मऊ आणि सपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकत्र आल्या की दोष मऊपणाच्या माथी मारला जातो.

सपाटपणा येतो दिशेमुळे. उजेड बरोबर कॅमेऱ्याच्या डोक्यावरूनच निघाला तर सगळ्या सावल्या वस्तूंच्या मागे लपतात, आपल्याला दिसतच नाहीत. नाक, गाल, कपाळ एका पातळीवर येतात, पोळपाटावर लाटल्यासारखे. कडक फ्लॅशही सपाटच असतो. त्याची सावली मागच्या पडद्यावर पडते म्हणून तो सपाट वाटत नाही, एवढंच. तोच मोठा मऊ दिवा बाजूला ४५ अंशांवर नेऊन ठेवा. चेहऱ्याला गोलाई येते आणि सावलीच्या कडाही टोचत नाहीत. म्हणून आमच्याकडे मदतनीस पोरगा असतो, हातात दांडी, दांडीवर छोटी पेटी, आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरून त्या पेटीत बसलेला. गर्दीत तो पोरगा लोकांच्या पायांवर पाय देतो आणि शिव्या मला बसतात.

मऊपणाची खरी परीक्षा मात्र चेहऱ्यापेक्षा दागिन्यांत होते. नथीतला मोती जवळून बघा. फोटो मोबाइलवर मोठा करा, पुरेसा मोठा. मोती म्हणजे छोटा बहिर्गोल आरसा, त्यात दिवा जसाच्या तसा उमटतो. उघडा फ्लॅश असेल तर मोत्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढराफटक ठिपका दिसतो आणि बाकी मोती करडा. छतावरून आलेला उजेड असेल तर मोत्याच्या वरच्या अंगावर सायीसारखा पांढरा पट्टा पसरलेला दिसतो. सॉफ्टबॉक्स असेल तर चौकोनी खिडकी. छत्री असेल तर गोल, आणि नीट बघितलंत तर तिच्या काड्यासुद्धा. दुसऱ्या कुणी काढलेला फोटो हातात आला की मी आधी नथ बघतो. तिथे सगळं लिहिलेलं असतं, काय लावलं होतं, कुठे, किती लांब.

कपाळाच्या चमकेचंही हेच गणित. घामेजलेली कातडीसुद्धा थोडीफार आरसाच असते. छोट्या दिव्याचं प्रतिबिंब छोटं आणि जळजळीत, म्हणून कपाळावर पांढरा डाग. दिवा मोठा केला की तोच उजेड मोठ्या जागेवर वाटला जातो, डागाची नुसती झळाळी होते. घाम पुसला गेला नाही, तो तिथेच आहे. फक्त ओरडत नाही. मेकअपच्या काही पावडरी थेट फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पिठासारख्या पांढऱ्या उमटतात, तेही झोत वळवला की बरंच कमी होतं. पार्लरच्या ताई आणि फोटोग्राफर यांची निम्मी भांडणं इथेच मिटावीत.

पण इथे आक्षेप घेणाऱ्यांचं एक म्हणणं मी मान्य करतो. फार मोठा, फार मऊ दिवा दागिन्यांची धार मारतो. पैठणीची जर चमकते ती बारीक, टोकदार उजेडात; चहूबाजूंनी दुधासारखा उजेड आला की जर नुसती पिवळी दिसते. ठुशीचे मणी एकमेकांत मिसळतात. म्हणून दागिन्यांच्या फोटोंना मी पेटीचं पुढचं कापड काढून टाकतो. नवरीच्या आईला ठुशी दिसायला हवी असते, माझा मऊ उजेड नाही.

"सध्या तर कडक फ्लॅशचीच फॅशन आहे"

आहे. संगीतच्या रात्री, नाचताना, थेट समोरून मारलेला फ्लॅश, मागे अंधार, चेहरे पांढरे, जुन्या रोल कॅमेऱ्याच्या फोटोंसारखे. तरुण मुलं मुद्दाम मागतात आणि मला ते आवडतातही. त्यात एक बेफिकिरी आहे. पण पंचविशीतल्या चेहऱ्याला जे खपतं ते साठीतल्या मावशींना खपत नाही, कारण कडक उजेड प्रत्येक सुरकुतीची सावली पाडतो. संगीतला हवा तेवढा कडक मारा. मानपानाच्या फोटोंना नको.

ग्रुप फोटोत मागची रांग काळी का येते

इथे मऊपणाची हाव नडते. मघाशी म्हटलं, दिवा जवळ आणला की मऊ होतो. पण जवळच्या दिव्याचा उजेड झपाट्याने उतरतो. पहिली रांग दिव्यापासून २ मीटरवर आणि मागची ३ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या मानाने ४४ टक्केच उजेड मिळतो. खुर्च्यांवर बसलेले आजी-आजोबा उजळ, मागे उभे राहिलेले जावई सावळे. दिवा २ मीटर मागे नेला, रांगा ४ आणि ५ मीटरवर गेल्या, तर मागच्यांना ६४ टक्के मिळतो. बराच फरक. पण दिवा लांब गेला म्हणजे लहान झाला, म्हणजे कडक झाला. दोन्ही एकदम मिळत नाही. तीस माणसांच्या फोटोत मी सरळ मऊपणा सोडतो, दिवा मागे आणि उंच नेतो. एवढ्या मोठ्या घोळक्यात कुणी सावलीची कड बघत नाही, प्रत्येक जण आपलं तोंड शोधतो.

अंतरपाटाच्या अलीकडे-पलीकडे

लग्नातल्या सगळ्यात अवघड दहा मिनिटांचं सांगून थांबतो. मंगलाष्टकं चालू आहेत, प्रत्येक कडव्याअखेर अक्षता उडतात. कॅमेऱ्यावर फ्लॅश असेल तर सगळ्यात आधी उजळतात त्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी आलेल्या अक्षता. त्या हातभर अंतरावर, नवरी तीन मीटरवर. मग अंतराचा तोच नियम. फोटोभर पांढरे गोळे, मागे अंधुक जोडपं. होमाच्या धुराचंही असंच, समोरून झोत मारला की धुराची भिंत उभी राहते. म्हणून या वेळी फ्लॅश पोराच्या हातात, बाजूला आणि वर. मग अक्षतांना बाजूने उजेड लागतो, त्या पांढऱ्या गोळ्यांऐवजी पडत्या तांदळासारख्या दिसतात, आणि धूर विरळ राहतो.

आणि त्या वेळी दोघांच्या मध्ये पांढरा अंतरपाट असतो. कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं ते कापड, दोन्ही चेहऱ्यांपासून वीतभर अंतरावर. वरून आलेला उजेड त्यावर आपटतो आणि दोघांच्या हनुवटीखाली, गालांवर मागे फिरतो. इतका जवळ, इतका मोठा परावर्तक मला दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही, आणि तो भटजींनी आणलेला असतो. अंतरपाटाआडून नवरीचा चेहरा जो एकदम कोवळा दिसतो, त्यात लग्नाच्या हुरहुरीइतकाच वाटा त्या दीड मीटर कापडाचा असतो.

शेवटचं 'सावधान' झालं की भटजी ते झटक्यात बाजूला घेतात, वाजंत्री सुरू होते, आणि दोन्ही चेहरे खालून किंचित काळे पडतात. पहिल्या काही लग्नांत मला कळायचंच नाही की हाराचे फोटो आधीच्या फोटोंहून का उतरतात. आता सातवं कडवं सुरू झालं की मी पोराला खूण करतो. तो पेटी हातभर पुढे सरकवतो.